शहापूरचे बायंडर मामा: सहा वह्या, एक रुमाल आणि अकरा आठवडे

पहिल्या दिवशी मी मामांच्या दुकानात पिशवी टेबलावर ठेवून आमच्या मंडळाच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या बाहेर काढायला लागले, तर मामांनी हात आडवा धरला. "थांबा वो अक्का. पिशवीत जसं हाय तसंच राहू दे. आधी मी बघतो." त्यांनी चष्मा चढवला, पिशवीचं तोंड मोठं केलं आणि सुनेला मोबाइलवर आतला फोटो काढायला सांगितला. मग एकेक वही उचलून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीनं आकडा घातला. वरून खाली १ ते ६. तळाशी लाल खारव्याच्या रुमालात बांधलेला मोडी कागदांचा गठ्ठा होता, त्याला ७. सगळं झाल्यावर विचारलं, "हा क्रम तुम्ही लावला, का मिळालं तेव्हापासनं असंच हाय?"

मी एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. आमच्या कामातला हा पहिला प्रश्न. कागदावर काय लिहिलंय ते कधीही वाचता येतं. तो कागद कुणाच्या शेजारी होता, हे मात्र एकदा हललं की गेलं. कर्जाच्या अर्जामागे जामीनदाराचं संमतिपत्र, त्यामागे शेताचा उतारा, त्यामागे संचालकांच्या ठरावाची नक्कल. कुणी हौसेनं हे सोडवून तारखेप्रमाणे लावलं, तर एकही कागद हरवत नाही, आणि तरी कर्ज कशाच्या भरवशावर दिलं ते सापडत नाही. नव्या मुलांच्या हे अंगवळणी पाडायला मला महिने लागायचे. मामांनी ते कुणी न सांगता केलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांच्याकडे संस्थेचे किंवा घराण्याचे जुने कागद पडून आहेत, त्यांच्यासाठी म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दुकानाला पाटी नाही. बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या एका बोळात, जिथं पूर्वी साड्यांचे माग चालायचे अशा शेडमध्ये ते आहे. 'बायंडर मामा' म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. आत पाऊल टाकलं की खळीचा वास येतो. डाव्या हाताला लोखंडी शिकंजा, भिंतीला लागून शिलाईची चौकट, वरच्या दांडीवर वाळत घातलेले कागद. मागच्या खोलीत स्कॅनर आणि संगणक. तो भाग सुनेचा. मामांचं रोजचं काम ग्रंथालयांची पुस्तकं आणि सोसायट्यांची खातेपुस्तकं बांधायचं. जुन्या कागदाची डागडुजी ते एका निवृत्त माणसाकडून शिकले, ज्यानं उभा जन्म सरकारी पुराभिलेखागारात काढला होता. त्या माणसाचं नाव घेताना मामा अजून हात जोडतात.

आता वह्यांविषयी. ही आमच्या मंडळाची इतिवृत्तं. बेळगावात मामलेदार कचेरी, कोर्ट, नगरपालिका, बँका, गिरण्या, शाळा अशा ठिकाणी रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा, पगार झाल्यानंतरच्या शनिवारी, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक व्हायची. लेटरहेडवर नाव लांबलचक होतं, पण सगळे आम्हाला 'रेकॉर्डवाले' म्हणत. माझे वडील त्यातल्या पहिल्या पिढीतले, मी दुसऱ्या.

मंडळ निघालं ते राज्यपुनर्रचनेमुळे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्या दिवसाचं राजकारण इथं सगळ्यांना पाठ आहे. रेकॉर्ड रूममध्ये काय झालं, ते पहिल्या वहीत आहे. चंदगडच्या गावांचे कागद वेगळे काढायचे होते, आणि एकाच गठ्ठ्यात एक गाव चंदगडचं तर शिवेपलीकडचं गाव बेळगावचं. कुरणाचा तंटा दोन्ही गावांचा, म्हणून फाइल एकच. ती कुणाकडे जाणार? मूळ द्यायचं की नक्कल? नक्कल कोण उतरवणार, आणि 'खरी नक्कल' म्हणून सही कोण करणार? वडिलांच्या अक्षरात सलग तीन बैठकांची चर्चा आहे. शेवटी साहेबांना सुचवायचं ठरलं ते असं: फाइल फोडू नये, जिथं ती सुरू झाली तिथं मूळ राहावं, दुसरीकडे नक्कल जावी, आणि दोन्हीकडच्या याद्यांत एकमेकांचा नंबर लिहावा. सूचना मान्य झाली की नाही, हे ठरावापुढच्या समासात लिहिलेलं होतं. 'होतं' असं का म्हणतेय, ते पुढे येईल.

दुसरी अडचण भाषेची. जुनं दप्तर मराठीत, त्यातही मागचं मोडीत. वरिष्ठांचे शेरे इंग्रजीत. नवा पत्रव्यवहार कानडीत येऊ लागला. त्यात शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणजे बेळगावातून चालत शहापुरात आलं की कागदाची पद्धतच वेगळी. एकाच माणसाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेनं लिहिलेलं. मंडळानं तीन रकान्यांची शब्दयादी करायला घेतली, मराठी, कानडी आणि इंग्रजी. फेरफार, वारसा, आकारबंद, टिपण, फाळणी, पहाणी. दर बैठकीत पाच-दहा शब्द. यादी करणाऱ्यांत निम्मे कारकून घरी कानडी बोलणारे होते. बाहेर सीमालढ्याचे मोर्चे निघत होते त्या वर्षांतसुद्धा यादी खंडलेली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत कागदपत्र व्यवस्थापनाचं काम करतो. त्यानं सांगितलं की अमेरिकेत रेकॉर्ड मॅनेजर लोकांची 'आर्मा' ही संघटना १९५५ मध्ये निघाली, पुढे १९७५ मध्ये दुसऱ्या एका संघटनेशी एक झाली, आणि आज तिचा पसारा जगभर आहे. इंग्लंडमधली रेकॉर्ड्‌स मॅनेजमेंट सोसायटी त्यानंतरची, १९८३ ची. तिकडे मोठमोठ्या कंपन्यांत कागदांचा डोंगर झाला म्हणून माणसं एकत्र आली. इकडे जवळपास त्याच सुमाराला एका खोलीत पंधरा-वीस कारकून बसले, ते जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला म्हणून. दोन्हीकडे चर्चा मात्र एकच: काय ठेवायचं, किती वर्षं ठेवायचं, आणि मागितल्यावर किती वेळात काढून द्यायचं.

किती वर्षं, यावर तर दुसरी वही जवळजवळ सगळीच खर्ची पडली आहे. मुंबईच्या पद्धतीत कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग: 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' एका वर्षानंतर नाशाला. नव्या राज्यात आल्यावर कुठला कागद कुठल्या वर्गात जाणार, याचा घोळ बरीच वर्षं चालला. मंडळानं एक सावधगिरीचा नियम केला होता: शंका असेल तर वरच्या वर्गात टाका. त्या नियमाचं मोल १९७४ मध्ये कळलं. कर्नाटकातला जमीन सुधारणेचा दुरुस्ती कायदा १ मार्च १९७४ पासून लागू झाला, कुळांनी कब्जेहक्कासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा होता, आणि आपण जमीन कसत होतो हे दाखवायला जुन्या पहाणीतली, म्हणजे जमीन कोण कसतो त्या पत्रकातली नोंद हवी होती. चौथ्या वहीत त्या दिवसांची नोंद आहे. कचेरी उघडायच्या आधीपासून पायरीवर बसलेली माणसं, कुणाच्या हातात भाकरीचं गाठोडं, कुणाला गट नंबर माहीत नाही, नुसतं 'वड्याकडचं शेत' एवढंच. अशा वेळी नाशाला काढलेला एक गठ्ठा म्हणजे एका घराचं शेत. माझे वडील त्या वर्षभर रात्री आठच्या आत घरी आले नाहीत.

पुढच्या वह्या मी भरभर सांगते. मोडी वाचणारे कमी होत गेले म्हणून मंडळानं मोडीचा वर्ग चालवला. २००० नंतर कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेत पहाणी संगणकावर गेली आणि हातानं लिहून मिळणारा उतारा बंद झाला. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आता आपलं काम संपलं. मग २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमातली पहिलीच गोष्ट म्हणजे प्रत्येक सार्वजनिक कचेरीनं आपलं रेकॉर्ड नीट यादी आणि सूची करून ठेवावं. ते कलम बैठकीत उभं राहून मोठ्यानं वाचलं गेलं, असं सहाव्या वहीत आहे. वाचणारी मीच होते. त्यानंतर सभासद निवृत्त होत गेले, काही वारले. आज आम्ही पाच जण उरलोय. वह्या शेवटच्या सचिवांच्या घरून माझ्याकडे आल्या.

२०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस बेळगावकर विसरणार नाहीत. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं आणि कपाटाचा खालचा कप्पा दोन दिवस पाण्यात राहिला. मी घाईनं वह्या गच्चीवर उन्हात पसरल्या. ती चूक होती. उन्हात कागद कडक होतो, वाकतो, आणि ओली पानं एकमेकांना चिकटून वीट होते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, चार-पाच पानांमागे टीपकागद घालून वाळवायला हव्या होत्या. आमच्या बँकेत आग विझवायचं प्रशिक्षण झालं होतं, पाण्याचं कधी झालं नाही.

पहिल्या दोन वह्या मी तेव्हा दुसऱ्या गावच्या एका बायंडरकडे दिल्या. त्यानं त्या सुबक बांधल्या, वर सोनेरी अक्षरं टाकली, आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून मशीनवर तिन्ही बाजूंनी बोटभर कापल्या. आमचे सचिव ठरावापुढे बाहेरच्या समासात 'झाले', 'राहिले', 'साहेबांकडे' असं लिहून तारीख टाकत. ते सगळं कापून गेलं. आता पहिल्या दोन वह्यांतले ठराव आहेत आणि त्यांचं पुढे काय झालं ते नाही. चंदगडच्या फाइलींबद्दलची सूचना मान्य झाली का, हे मी कधीही सांगू शकणार नाही. त्यानंतर चार वर्षं मी उरलेल्या वह्या कुणाच्या हातात दिल्या नाहीत.

मामांनी त्या दोन वह्या उघडल्या, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेलं ते काय येत नाही. पण परत कुणी कापू नये अशी करून देतो." त्यांनी शिलाई उसवली, प्रत्येक पानाच्या कडेला हातकागदाची पट्टी जोडून नवा समास दिला आणि वही पुन्हा जुजबंदीनं, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्यानं एकमेकांना जोडून, शिवली. पट्टीचा रंग मुद्दाम थोडा वेगळा ठेवला, म्हणजे जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते पाहणाऱ्याला लगेच कळेल. हा विचार मला त्यांच्या सगळ्या कामात दिसला. ते दुरुस्ती लपवत नाहीत.

चिकटलेल्या वह्यांवर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला. आधी प्रत्येक शाईवर ओल्या कापसाचं टोक टेकवून पाहिलं. फाउंटन पेनची निळी शाई लगेच कापसावर उतरली, म्हणजे तिथं पाणी लावायचंच नाही. मोडी गठ्ठ्यातली काळी शाई काजळीची. ती दीडशे वर्षांनीही जागची हलली नाही. तिसरी एक तपकिरी पडलेली शाई होती, लोखंडाच्या क्षाराची, जी कागदालाच आतून खाते. अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. तीन शाया, तीन उपाय. निळ्या शाईची पानं त्यांनी किंचित दमट टीपकागदांत रात्रभर ठेवून हाडाच्या पट्टीनं कोपऱ्यापासून सोडवली. दिवसाला सात-आठ पानं, त्याहून जास्त नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद, गव्हाच्या खळीनं. खळीत किडीसाठी चिमूटभर मोरचूद. गंजलेल्या टाचण्या काढल्या, त्या जागी सुती टॅग घातले. कुठल्या टाचणीनं कुठले कागद एकत्र होते ते आधी लिहून घेतलं होतं.

पाचव्या वहीत मला जे मिळालं, त्यासाठी मी सगळे पैसे पुन्हा द्यायला तयार आहे. दोन पानं सुटी झाली तेव्हा डावं पान जवळपास कोरं निघालं. निळी शाई धुऊन गेली होती. मी म्हटलं, जाऊ दे मामा. सुनेनं मात्र उजवं पान दिव्यासमोर तिरकं धरलं. ते पान मुळात कोरं होतं, कारण सचिव नवं वर्ष नव्या पानावर सुरू करत आणि मधलं एक पान सोडत. त्या कोऱ्या पानावर डाव्या पानाची शाई उलटी उमटली होती, फिकट, आरशात दिसावी तशी. तिनं पान स्कॅन केलं, संगणकावर उलटं फिरवलं, रंग गडद केला. बैठकीचं इतिवृत्त होतं. हजर चौदा जण. चहा व बिस्किटांचा खर्च. आणि शेवटी 'नवीन सभासद' म्हणून एक नाव, 'कुमारी' लावून, माझ्या माहेरच्या आडनावासह. माझ्या आधी त्या हजेरीत एकाही बाईचं नाव नाही. ती बैठक मला आठवत होती. वडील मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले होते. पण लिहिलेलं पान मी पहिल्यांदाच पाहत होते. सुनेनं खुर्ची पुढे सरकवली आणि पाणी आणून दिलं.

आता उणिवाही सांगते, कारण काम चांगलं असलं तरी जाणाऱ्याला सगळं माहीत हवं.

मामांनी सहा आठवडे सांगितले होते, लागले अकरा. मधल्या काळात शाळांची पुस्तकं आली की आपलं काम मागे पडतं, आणि आपण विचारल्याशिवाय ते कळवत नाहीत. पावती हातानं लिहिलेली चिठ्ठी; संस्थेच्या हिशेबासाठी बिल हवं असेल तर आधीच सांगून ठेवा. स्कॅनिंग स्वच्छ आहे, पण पहिल्या खेपेला फाइलींना नुसते यंत्राचे आकडे होते. वही, पान आणि बैठकीची तारीख अशी नावं द्यायला मी सांगितलं. मग सुनेनं दोन दिवसांत सगळी बदलून दिली.

मोठी चूक सूचीत झाली. मोडी गठ्ठा हा खानापूरकडच्या एका कुळकर्णी घराण्यानं मंडळाच्या मोडी वर्गासाठी दिलेला होता. १९५० च्या कायद्यानं कुळकर्णी वतनं गेली, गावचं दप्तर घरात पडून राहिलं, आणि घरातल्या कुणाला मोडी येईना. त्यातल्या एका जमाखर्चावर सन १२७६ आहे. सुनेनं ते वाचलं बरोबर आणि सूचीत '१२७६' असंच टाकलं. पाहणाऱ्याला वाटेल, यादवांच्या काळातला कागद. तो फसली सन आहे, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष मृगापासून, जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे जून १८६६ ते जून १८६७. पेशवाईतल्या जुन्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ मिळवायचे. मी हे तिला एका कागदावर लिहून दिलं. तिनं तो कागद संगणकाच्या वर चिकटवला, आणि सूचीत मूळ सन तसाच ठेवून शेजारी इसवी सनाचा वेगळा रकाना केला. मूळ आकडा खोडला नाही, हे मला आवडलं. तरीही तुमच्याकडे मोडी कागद असतील तर सूची जाणकाराकडून तपासून घ्या. मामांच्या घरात मोडी वाचता येतं ते अडखळत.

खर्चाचं सांगते. २१४ पानांची दुरुस्ती, पानाला १८ रुपये. सहा वह्यांची जुजबंदी, खादीच्या पाठीसह, प्रत्येकी ५५०. १,१३० पानांचं स्कॅनिंग पानाला ५ रुपयांनी. वह्यांच्या मापाची एक पेटी ७००. एकूण १३,५०२ रुपये, मोडी गठ्ठा सोडून. आम्ही पाच जणांनी वाटून घेतले. साध्या बायंडिंगच्या मानानं हे महाग आहे. पण साध्या बायंडिंगनं माझे समास घालवले. रेक्झिन मागू नका. आपल्या दमट हवेत काही वर्षांत ते सोलवटतं. खादी मागा. पेटीत त्यांनी वेखंडाची पुरचुंडी ठेवली आहे आणि दर पावसाळ्यानंतर बदलायला सांगितलं आहे.

एक विनंती, मामांच्याच टेबलाशी बसून सुचलेली. मी तिथं असताना अनगोळचे एक काका खरेदीखत घेऊन आले. जपावं म्हणून त्यांनी ते बाजारात गरम लॅमिनेशन करून घेतलं होतं. आत ओल राहिलेली, काळे ठिपके वाढत चाललेले, आणि प्लास्टिक सोडवायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते. मामांनी दोन्ही बाजू नीट स्कॅन करून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मूळ उतारे, खतं, सनदा कृपा करून लॅमिनेट करू नका. सुती कापडात गुंडाळा, सपाट ठेवा, जमिनीपासून हातभर उंच ठेवा.

घ्यायला गेले त्या दिवशी मामांनी पेटी उघडून दाखवली. वह्या १ ते ६ ओळीनं उभ्या. पण चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये त्यांनी वहीच्या जाडीचा एक कोरा पुठ्ठा उभा केला होता, वर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. मी विचारलं, हे काय? त्यांनी पाचव्या वहीचं पहिलं पान उघडलं. "बघा की, इथं लिवलंय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम. ती मागली सभा चौथ्या वहीत नाही. मधे एक वही हाय." इतकी वर्षं त्या वह्या माझ्या घरात होत्या. बँकेत रोज असल्या फटी शोधणं हेच माझं काम होतं, आणि ही फट मला दिसली नव्हती. चौथी वही १९७५ च्या पावसाळ्यात संपते, पाचवी त्यानंतर काही वर्षांनी सुरू होते. शब्दयादीची पक्की प्रत त्या मधल्या वहीत असणार, कारण पाचवीत तिचा नुसता पान नंबर दिलेला आहे.

बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठंही असा. तुमच्या घरात आजोबा, मामा, काका कुणी कचेरीत रेकॉर्ड सांभाळत असतील, तर माळ्यावरची ट्रंक एकदा बघा. फुलस्केप आकाराची, लाल कापडी पाठीची, आडव्या रेघांची वही. पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री' आणि त्याखाली हजर सभासदांची नावं असतील. सापडली तर पुसू नका, ऊन दाखवू नका, आत खोचलेल्या चिठ्ठ्या हलवू नका. जशी असेल तशी पिशवीत घालून मामांकडे द्या. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सकाळी दहापासून. मोडी गठ्ठ्यातली एकवीस पानं अजून त्यांच्या दाबाखाली आहेत, ती आणायला मी दसऱ्यानंतर जाणार आहे. पुठ्ठ्याची जागा तोवर तशीच ठेवायला सांगितली आहे.